दयेकडून चिकित्सेकडे : मुक्या जीवांच्या आरोग्याचा दोनशे वर्षांचा प्रवास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्य गेले ते ताके मोजण्यात आणि खतावणी लिहिण्यात. इतिहासाचा अभ्यास म्हणावा असा माझा काही नाही. तथापि गेल्या चातुर्मासात एक प्रसंग घडला आणि त्यातून जुनी पुस्तके चाळण्याचा नाद लागला. जे हाती आले ते आपल्या समाजबांधवांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रसंग साधाच होता. नातीने हट्टाने आणलेल्या कुत्र्याला ताप भरला, म्हणून तिच्याबरोबर पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे लागले. दीड-दोन तास बाकावर बसून होतो. शेजारी एक शेतकरी शेळीचे करडू उपरण्यात गुंडाळून बसला होता. पलीकडे टोपलीत मांजर, पिंजऱ्यात पोपट, आणि एका मुलाच्या हातात खोक्यातले जखमी कबुतर. आत डॉक्टर एकेकाला टेबलावर घेत होते. कोणाला वजनकाट्यावर उभे करणे, कोणाला मुसकी बांधणे, कोणाला सलाइन. रोगी एक शब्दही बोलत नव्हता आणि डॉक्टर सगळे ऐकत होते. मनात आले, आपण जन्मभर ‘जीवदया’ हा शब्द उच्चारीत आलो. पण दयेचे हे रूप आपल्याकडे केव्हा आले? कोणी आणले? आणि आपल्या समाजाचा त्यात वाटा किती?

गिरनारच्या पायथ्याशी

आपल्यापैकी अनेकांनी गिरनारची यात्रा केली आहे. विवाहमंडपाकडे जात असता कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून रथ मागे फिरविणाऱ्या नेमिनाथ भगवंतांचे ते निर्वाणस्थान. परंतु पायऱ्या चढण्याच्या घाईत, जुनागढहून येताना वाटेवर असलेली एक प्रचंड शिळा आपण पाहतोच असे नाही. तिच्यावर सम्राट अशोकाचे चौदा लेख कोरलेले आहेत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील हे लेख. त्यातील दुसऱ्या लेखात अशोकाने दोन प्रकारच्या चिकित्सांची व्यवस्था केल्याचे सांगितले आहे : एक मनुष्यांची आणि दुसरी पशूंची. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या, तेथे त्या आणवून लावल्याचाही उल्लेख आहे. याच लेखमालेतील आठव्या लेखाचा एक तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली आपल्या सोपाऱ्यास सापडला. म्हणजे ही आज्ञा कोकणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती, असे मानण्यास आधार आहे.

घोड्यांच्या चिकित्सेसाठी शालिहोत्राचे आणि हत्तींच्या चिकित्सेसाठी पालकाप्याचे नाव आपल्या परंपरेत प्रसिद्ध आहे. पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापला. मात्र ही विद्या मुख्यतः राजाच्या घोड्या-हत्तींसाठी होती. गल्लीतल्या कुत्र्याला किंवा पंख मोडलेल्या पारव्याला वैद्य कोठून मिळणार?

त्याचे उत्तर व्यापाऱ्यांच्या नगरीत मिळते. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा इटालियन प्रवासी १६२३ साली खंभातला आला होता. तेथे त्याने पक्ष्यांचे रुग्णालय पाहिले. आजारी, लंगडे, जोडीदार गमावलेले पक्षी तेथे सांभाळले जात आणि बरे झाल्यावर सोडून दिले जात. त्याने केलेले एक वर्णन मला विसरता येत नाही. पांढऱ्या दाढीचा, नाकावर चष्मा लावलेला एक वृद्ध, पेटीत कापूस अंथरून त्यात आईवेगळी उंदरांची पिल्ले ठेवून, पिसाच्या टोकाने त्यांना दूध पाजत बसला होता. मोठी झाल्यावर त्यांना सोडून देण्याचा त्याचा विचार होता. तो वृद्ध जैन होता की अन्य कोणी, हे सांगता येत नाही. पण त्या शहरात आपल्या व्यापाऱ्यांचा मोठा वावर होता. परदेशी पाहुण्याला ते दृश्य विचित्र वाटले असेल, आपल्याला मात्र ते घरचे वाटते.

सहा जून १८३२

आता मुंबईकडे वळू. कंपनी सरकारच्या काळात पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीने उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याची मोहीम निघत असे. ती भीती खोटी नव्हती. पिसाळलेला कुत्रा चावला तर माणूस दगावणारच, अशी ती वेळ होती. लुई पाश्चरची लस माणसाला प्रथम दिली गेली ती १८८५ साली. परंतु १८३२ मध्ये या मोहिमेची मुदत वाढविण्यात आली, प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळू लागले आणि इनामाच्या लोभाने माणसे घरांच्या आवारातूनही कुत्री ओढून नेऊ लागली.

पारशी धर्मात कुत्र्याला विशेष स्थान आहे. मृताला कुत्र्याची दृष्टी घडविण्याचा ‘सगदीद’ हा त्यांचा संस्कार आहे. ६ जून १८३२ हा पारशांचा पवित्र दिवस होता आणि त्याच दिवशी ठिणगी पडली. कुत्री मारणाऱ्यांवर लोक धावून गेले. दुसऱ्या दिवशी फोर्टातील बाजार बंद राहिला. त्यात पारशांबरोबर हिंदू, जैन आणि इतर व्यापारीही सामील झाले. लष्कराच्या छावणीला जाणारा पुरवठा अडला, सैन्य बोलवावे लागले, धरपकड झाली. दंगा कोणत्याही काळी वाईटच. आपण त्याचे समर्थन करू नये. पण दुकानाची फळी लावून मुक्या प्राण्यासाठी एक दिवसाचा धंदा सोडणाऱ्या त्या व्यापाऱ्यांचे मला व्यापारी म्हणून अप्रूप वाटते.

दंगा शमला तरी प्रश्न शिल्लक होता. कुत्री मारायची नाहीत, तर त्यांचे करायचे काय? ‘मारू नका’ म्हणणे सोपे असते. त्याची जबाबदारी घेणे अवघड असते. ती जबाबदारी दोघा भागीदारांनी उचलली. एक जमशेटजी जीजीभाई, पुढे ‘सर’ झालेले पारशी गृहस्थ. आणि दुसरे शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजे आपले मोतीशा शेठ. भायखळ्याचे आदिनाथ जिनालय आणि पालिताण्याची मोतीशाची टूक ज्यांच्यामुळे उभी राहिली, तेच हे मोतीशा. दोघेही चीनच्या व्यापारातील धनाढ्य. त्या व्यापारात अफूही होती, हे लपविण्यात अर्थ नाही. १८३४ साली त्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी कापसासारख्या मालावर स्वखुशीने लागा बसवून घेतला. आपल्या बिजकावर आजोबांच्या काळापर्यंत ‘धर्मादा’ म्हणून जी ओळ असे, ती याच परंपरेतली. पुढे दोनच वर्षांत, १८३६ मध्ये, मोतीशा निवर्तले. पण त्यांनी लावलेले झाड आजही उभे आहे.

येथे इतिहासाचे दोन टप्पे पूर्ण होतात. पहिला ‘मारू नका’ आणि दुसरा ‘सांभाळा’. तिसरा टप्पा समजण्यास आमच्या घराला एक किंमत मोजावी लागली. ती हकीकत आजवर मी कोठे सांगितली नव्हती.

मोती

आमच्या दुकानाच्या ओट्यावर मोती नावाचा कुत्रा राहत असे. वडिलांना आम्ही ‘भाऊ’ म्हणत असू. भाऊंनी त्याला घराचा उंबरा कधी ओलांडू दिला नाही. मात्र दुकान उघडल्यावर पहिली पोळी त्याची. सहा-सात वर्षे तो रात्रीची राखण करीत होता. १९७९ च्या आषाढात कुत्र्यांच्या भांडणात त्याच्या मानेला चावा बसला. मी तेव्हा कॉलेजात होतो. जखम केसांखाली होती. आम्ही तिच्याकडे लक्ष दिले नाही. पावसाचे दिवस, माशा बसल्या आणि चार-पाच दिवसांत जखमेत अळ्या पडल्या.

आमच्या हमालाने सांगितले, सीताफळाचा पाला वाटून भरा, नाहीतर टर्पेंटाइन घाला, अळ्या पडून जातील. भाऊ म्हणाले, “अरे, एका जीवासाठी शेकडो जीव मारायचे?” त्यांचा प्रश्न ढोंगाचा नव्हता. ते खरोखर अडकले होते. बाईने, म्हणजे माझ्या आईने, वरून हळद-तेल लावले, बशीत दूध ठेवले. मोतीने दुधाला तोंड लावले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तो दुकानाच्या जिन्याखाली गेला. भाऊंनी त्याच्या कानाशी बसून नवकार म्हटला आणि त्यातच त्याने प्राण सोडला.

जनावरांचा सरकारी दवाखाना आमच्या दुकानापासून दहा मिनिटांच्या अंतरावर होता. तेथे कुत्र्याला न्यावे, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही. बैल न्यायचे, म्हैस न्यायची, एवढेच आम्हाला ठाऊक. पुढे तेथील डॉक्टर शर्टपीस घ्यायला दुकानात आले असता ओट्याकडे पाहून म्हणाले, “तुमचा राखणदार दिसत नाही?” हकीकत ऐकल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “शेठजी, नवकार ऐकवलात ते चांगलेच केलेत. पण पहिल्या दिवशी आणला असता तर साध्या धुण्या-पुसण्याने भागले असते.”

भाऊंच्या मनाला हे लागले. त्या चातुर्मासात आमच्या गावी विराजमान असलेल्या महाराजसाहेबांपुढे त्यांनी आपली शंका मांडली. साधूंना सावद्य कार्याचा आदेश देता येत नाही, हे आपण जाणतो. महाराजसाहेबांनी औषध घालायला हवे होते असे म्हटले नाही, घालायला नको होते असेही म्हटले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “पहिल्या दिवशी जखम कोणी पाहिली होती?” भाऊ गप्प राहिले. महाराजसाहेब म्हणाले, “जयणा त्या दिवशी चुकली. नंतर जे उरले ते केवळ दोन हिंसांमधून एक निवडणे होते.”

हा प्रश्न मी आज सेहेचाळीस वर्षे मनात वागवीत आहे. वेळीच जखम धुतली असती, तर ना माशी बसली असती, ना कृमी उत्पन्न झाले असते, ना मोती गेला असता. पंचेंद्रिय जीवही वाचला असता आणि ते शेकडो जीवही जन्माला येऊन मेले नसते. वेळीच केलेली चिकित्सा ही अहिंसेची विरोधक नसून तिची सर्वांत कमी हिंसेची वाट आहे, हे मला तेव्हापासून पटले.

त्याच वर्षी दिवाळीच्या खरेदीसाठी भाऊंबरोबर पंचवटी एक्सप्रेसने मुंबईस गेलो. मुळजी जेठा मार्केटमधली खरेदी आटोपली की भुलेश्वरच्या पांजरपोळीत गाईंना चारा घालून यायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. त्या दिवशी चारा घालून झाल्यावर त्यांनी जीवदया खात्यात रक्कम लिहिली आणि मुनीमजींना विचारले, “येथे डॉक्टर येतात का?” “येतात,” मुनीमजी म्हणाले. भाऊंनी पावतीवर ‘चारा’ या शब्दाच्या जागी ‘औषध’ लिहून घेतले. परतीच्या गाडीत ते त्याविषयी एक अक्षर बोलले नाहीत.

परळचे रुग्णालय

मुंबईत हा तिसरा टप्पा, म्हणजे ‘बरे करा’ हा विचार, पांजरपोळीनंतर सुमारे पन्नास वर्षांनी संस्थेच्या रूपाने उभा राहिला. १८७४ साली प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी सोसायटी मुंबईत स्थापन झाली. त्याच वर्षी शहरात घोड्यांची ट्राम सुरू झाली, हा योगायोगही बोलका आहे. ट्राम कंपनीच्या तबेल्यात सुमारे नऊशे घोडे होते आणि विजेची ट्राम १९०७ मध्ये येईपर्यंत शहराचा भार घोड्यांनी आणि बैलांनी वाहिला. खांद्याला जू घासून जखमा झालेले बैल आणि लंगडणारे घोडे रस्त्यारस्त्यांवर दिसत. गाडीवानाला दंड करता येई. पण जखमी बैल न्यायचा कोठे?

कापडगिरणीवाले दिनशा माणेकजी पेटिट यांनी परळ येथे त्यासाठी जागा आणि धन दिले. १८८३-८४ च्या सुमारास त्यांच्या पत्नीच्या नावाने ‘बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय’ सुरू झाले. त्याच्याच आवारात २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा आरंभ झाला. जेम्स हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. सरकारची विद्या, पारशी गृहस्थाचे दान आणि शहराची गरज असा हा त्रिवेणी संगम होता. रुग्णालयामुळे विद्यार्थ्यांना शिकण्यास रोगी मिळाले आणि रोग्यांना शिकलेले हात मिळाले. पुढे महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांतील दवाखान्यांत जे डॉक्टर गेले, त्यांच्यातील कित्येक पिढ्या याच परळच्या आवारात घडल्या. आमच्या गावचे ते डॉक्टरही परळचेच.

प्रांजळपणे सांगायचे तर या टप्प्यात आपण पुढे नव्हतो. आपण आश्रय दिला, चारा दिला, धन दिले. पण शस्त्र, औषध आणि सुई यांच्याविषयी आपल्या मनात संकोच राहिला. दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्ष्यांचे रुग्णालय हे त्यातले मोठे आणि गौरवास्पद उदाहरण. विसाव्या शतकात जैन समाजाने उभारलेल्या या रुग्णालयात शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात. घार-ससाण्यासारख्या मांसाहारी पक्ष्यांवर उपचार होतात, मात्र त्यांना मुक्कामी ठेवत नाहीत. आपल्या मर्यादेत राहूनही चिकित्सा करता येते, याचा तो वस्तुपाठ आहे.

बुळकांडीची कथा

चौथा टप्पा ‘आजारी पडूच देऊ नका’ हा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी बुळकांडी हा शब्द असे. हा गुरांचा महारोग गोठेच्या गोठे रिकामे करी आणि गुरे गेली की शेतकऱ्याची नांगरणी जाई, मागून दुष्काळ येई. या रोगांच्या अभ्यासासाठी सरकारने १८८९ साली पुण्यात एक प्रयोगशाळा काढली. १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलविली. आज देशभर नावाजलेल्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेचे हे मूळ. मुक्तेश्वरला १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात जे. टी. एडवर्ड्स यांनी शेळ्यांमध्ये वाढविलेल्या विषाणूपासून बुळकांडीची लस सिद्ध केली. भारत २००६ साली या रोगातून मुक्त घोषित झाला आणि २०११ साली पृथ्वीवरूनच या रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने समूळ नष्ट केलेला हा दुसरा रोग.

या संशोधनात प्राण्यांचे बळी गेले, हे सत्य आहे आणि जैन म्हणून ते आपल्याला टोचलेच पाहिजे. परंतु त्या लसीने किती कोटी गुरे यातनेतून वाचली, याचाही हिशेब खतावणीच्या दुसऱ्या बाजूला मांडावा लागेल. २०२२ साली लम्पी रोगाची साथ आली तेव्हा जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले आणि गावोगावी लसीकरण करावे लागले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

औषधालाही जयणा हवी, याचेही एक उदाहरण आहे. गुरांच्या वेदना शमविण्यासाठी डायक्लोफेनॅक हे औषध सर्रास टोचले जाई. हेतू दयेचाच होता. परंतु ते औषध घेतलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली आणि थोड्या वर्षांत आकाशातून जवळजवळ नाहीशी झाली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम त्याला पर्याय म्हणून वापरात आले. मुंबईत पांजरपोळ आणि पशुरुग्णालय उभारण्यात ज्यांनी पुढाकार घेतला, त्या पारशी बांधवांचे दोखमे गिधाडांवाचून ओस पडले, हे किती विलक्षण दुःख! दया अजाण असली तर तिच्यातूनही हिंसा घडते.

आजचा दवाखाना आणि पाच अतिचार

पुन्हा त्या बाकाकडे येतो. नातीच्या कुत्र्याला गोचिडांपासून होणारा ताप निघाला. डॉक्टरांनी रक्त तपासले, गोळ्या दिल्या आणि लसीचे कार्ड मागितले. कार्डावर एक लस राहून गेली होती. “दादाजी, आपलीच चूक,” नात म्हणाली. मला मोतीची आठवण झाली. पण या वेळी वेळ गेली नव्हती.

ओळख झाल्यावर मी त्या डॉक्टरांकडे अनेकदा जाऊन बसलो. तेथे जे पाहिले त्यावरून ध्यानात आले की, प्रतिक्रमणात आपण अहिंसा अणुव्रताच्या ज्या पाच अतिचारांची आलोचना करतो, ते पाचही या दवाखान्यात रोज येतात. बंध : पिल्लाच्या गळ्यात बांधलेला पट्टा वाढत्या वयात सैल न केल्याने मानेत रुतलेला कुत्रा. वध : काठीने मारून पाय मोडलेली मांजरी. छविच्छेद : रुबाबासाठी कान-शेपूट कापून घेतलेला डॉबरमन. अतिभार : खांद्याला गळू झालेला ऊसवाहतुकीचा बैल. अन्नपाननिरोध : दिवसभर गच्चीवर पाण्यावाचून बांधलेला कुत्रा. या शेवटच्यात मीही दोषी आहे. आमच्या घरी चौविहार पाळला जातो, म्हणून सूर्यास्तानंतर कुत्र्याचेही पाण्याचे भांडे उचलले जाई. डॉक्टर हसले आणि म्हणाले, “पच्चक्खाण तुम्ही घेतले आहे, त्याने नाही.” त्या दिवसापासून भांडे रात्रभर भरलेले असते.

आहाराविषयी मी त्यांना स्पष्ट विचारले. ते म्हणाले की, डॉक्टरांच्या सल्ल्याने नीट आखलेल्या शाकाहारावर कुत्रा निरोगी राहू शकतो. मांजराचे शरीर मात्र मांसाहारासाठीच घडले आहे, त्याला केवळ दूध-पोळीवर ठेवणे म्हणजे हळूहळू आजारी पाडणे. तेव्हा मांजर आणण्याआधी जैन कुटुंबाने हा विचार करावा. हौसेपोटी आणून मग त्याच्या प्रकृतीशी झगडू नये. आणखी काही गोष्टी त्यांनी सांगितल्या. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी. आपल्या स्वयंपाकघरात ते नसतातच, पण मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट असतात आणि तीही त्याला घातक. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आणि कुत्रा चावल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ डॉक्टर गाठावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही.

एक विनंती

भगवान महावीरांच्या पंचवीसशेव्या निर्वाण महोत्सवाच्या, म्हणजे १९७४-७५ च्या उत्साहात ठिकठिकाणी अनेक संस्था उभ्या राहिल्या. आपला ट्रस्टही त्याच काळातला. पन्नास वर्षांत पर्युषणाच्या प्रत्येक पर्वात जीवदयेची टीप झाली आणि पांजरपोळीला चारा गेला. ज्यांनी हे सातत्य राखले त्या सर्वांना माझे वंदन. चारा बंद व्हावा असे मी म्हणणार नाही. व्यापारी म्हणून एवढेच सुचवितो की, आपल्या खतावणीत ‘जीवदया’ या खात्याखाली ‘चारा’ आणि ‘औषध’ अशी दोन पोटखाती असावीत.

त्या दुसऱ्या खात्यातून तीन कामे होऊ शकतील. पांजरपोळीत आठवड्यातील ठरलेल्या दिवशी पशुवैद्य यावेत. मकर संक्रांतीला मांजाने कापलेल्या पक्ष्यांसाठी उपचार शिबिर व्हावे. आणि आपल्या पेठेतील भटक्या कुत्र्यांना दरवर्षी रेबीजची लस टोचली जावी. २८ सप्टेंबर हा पाश्चरचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. तो पर्युषणानंतर लवकरच येतो. कुत्र्यांची संख्या मारून नव्हे तर नसबंदी आणि लसीकरण करून आटोक्यात आणावी, हे धोरण २००१ च्या नियमांनी देशात आले आणि २०२३ च्या नव्या नियमांतही कायम राहिले. तरीही २०२५ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजलाच. १८३२ चा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. आज फळी लावून दुकान बंद करण्याची गरज नाही. आपल्या ओट्यावरच्या कुत्र्याला लस टोचून आणणे पुरेसे आहे.

मोतीशा शेठांनी ‘मारू नका’ म्हणणाऱ्या समाजाला ‘सांभाळा’ म्हणण्याचे धैर्य दिले. ‘बरे करा’ आणि ‘आजारी पडू देऊ नका’ हे पुढचे दोन टप्पे इतरांनी घातले. सुवर्णमहोत्सवानंतरच्या पन्नास वर्षांत त्यात आपलाही वाटा असावा. भाऊंनी त्या दिवशी पावतीवर बदललेला एक शब्द मी आज आपल्या सर्वांपुढे ठेवीत आहे.

लेखात जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास, अथवा कोणाचे मन दुखावले असल्यास, त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.